आपल्याकडे चेंडू असताना

पिशवीला डोळ्यांसाठी भोकं आधीच पाडलेली होती, आणि भोकांभोवती काळ्या शाईने चष्मा काढलेला होता. तिचाच चष्मा. वरची कड जाड, खालची बारीक, आणि डाव्या दांडीला लावलेली चिकटपट्टीसुद्धा विसरली नव्हती. बाकी वाणसामानाची साधी खाकी कागदी पिशवी. कॅझने ती बर्निसच्या मांडीवर ठेवली आणि हातमोजा दातांनी ओढून काढत तो थर्मासचं झाकण फिरवायला लागला. "तुझीही केली," तो म्हणाला. "माप बघ बरोबर आलंय का. लोकरीच्या टोपीवरून घालणार असशील तर जरा फाडावी लागेल."

बर्निसने पिशवीत डोकावून पाहिलं. आतून कांद्याचा वास येत होता. मग तिने आजूबाजूला पाहिलं. स्टेडियममध्ये तिच्या रांगेत, खालच्या रांगांत, सगळीकडे अशाच पिशव्या. कुणी त्यावर रडकं तोंड काढलेलं, कुणी नुसतंच प्रश्नचिन्ह. पिशव्या आधीपासून डोक्यांवर होत्या आणि तिचं लक्ष गेलं नव्हतं, कारण जिना चढताना ती पायांकडे बघत होती. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांच्या कडा फडफडत होत्या. तशी ही पद्धत तिला नवी नव्हती. संघ फारच वाईट खेळायला लागला की एखादा टवाळ डोक्यावर पिशवी घालून यायचा, लोक हसायचे, आणि तिचा नवरा एड म्हणायचा, ह्याला आत कुणी सोडलं? पण तेव्हा त्या पिशवीत निदान थोडीतरी लाज असायची. आज पिशव्यांच्या आत सगळे खुशीत होते. आवाजावरून कळत होतं. लग्नाच्या हॉलमध्ये जेवण वाढायच्या आधी माणसं जशी बोलतात तसे बोलत होते.

"आज हरायचंय, मिस बर्निस," मागच्या रांगेतून टेरेन्स म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या आधी ती जागा त्याच्या वडिलांची होती, आणि टेरेन्स त्यांच्या मांडीवर बसून खाली शेंगदाण्याची टरफलं टाकायचा, ती बर्निसच्या कॉलरमध्ये जायची. "आज हरलो की सगळ्या लीगमध्ये तळाला आपण. मग वसंतात कॉलेजची पोरं निवडताना पहिला हात आपला. तो टेक्सासचा पोरगा आपला. आणि आज चुकून जिंकलो तर तो दुसऱ्यांच्या घरी गेला."

"चुकून जिंकलो," बर्निस म्हणाली.

"म्हणजे तसं नाही हो."

"मग कसं?"

टेरेन्सने पिशवी कपाळावर सरकवली. शिक्षकाचा प्रामाणिक चेहरा, थंडीने ओठ फुटलेले. "हे बघा, हा मोसम तर गेलाच ना? गेलेल्या मोसमातून काहीतरी पदरात पडलं तर वाईट काय?"

बर्निसने पिशवीची नीट चौकोनी घडी घातली आणि मांडीखाली ठेवून दिली. बाकाचा गारवा तेवढाच कमी. पण छातीत काहीतरी चढायला लागलं होतं, आणि ते काय आहे हे तिला ओळखू येत होतं. सप्टेंबरपासून ते होतंच. दर रविवारी थोडं थोडं साठत गेलं होतं, पण दर रविवारी तिला वाटायचं की हे सगळ्यांचंच आहे. सगळेच असे आतून तापलेले आहेत, म्हणून तर इतक्या थंडीत येऊन बसतात. आज तिला कळलं की ती एकटीच तापलेली होती. बाकीचे हिशेब करत होते.

सप्टेंबरात सगळं ठीक वाटलं होतं. त्यांच्या संघाच्या, स्टोकर्सच्या, काळ्या-गेरव्या झेंड्यांनी पूर्वेकडच्या वस्तीतले सगळे ओटे भरले होते. बर्निसनेही आपला झेंडा काढला, इस्त्री केला, खांबाला बांधला. मग ऑक्टोबरात संघाच्या मालकांच्या नातवाने बचावातले दोघे जुने गडी दुसऱ्या शहराला देऊन टाकले, आणि पंधरवड्यात क्वार्टरबॅकही. ज्याच्या हातून चेंडू पुढे जातो, ज्याच्या आवाजावर सगळी फळी हलते, तोच. त्याच्या जागी जो आणला त्याला आपल्या गड्यांची नावंही येत नव्हती. नातू टीव्हीवर आला, गळ्यात मफलर, दाढी कोरलेली, आणि म्हणाला की ही पुनर्बांधणी आहे, चाहत्यांनी संयम ठेवावा. बर्निस तेव्हा स्वयंपाकघरात पिरोगीच्या करंज्यांचं पीठ मळत होती. तिचे हात तसेच थांबले. पुनर्बांधणी. हा शब्द तिने आधी ऐकला होता. ह्याच आवाजात, अशाच स्वच्छ नखांच्या माणसाकडून. तेव्हा ती पस्तिशीची होती आणि युनियन हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्या पुरुषांनाच पुरल्या नव्हत्या. पोलाद कंपनीचा माणूस पुढे उभा राहून सांगत होता की चौथ्या भट्टीबद्दल कुणी काळजी करू नये, ही पुनर्रचना आहे, थोडा संयम. आणि त्याच आठवड्यात एड घरी येऊन म्हणाला होता, बर्नी, ते आतल्या विटा मागवतच नाहीयेत. अस्तर झिजतंय, आम्ही रोज लिहून देतो, आणि विटा येत नाहीत. त्यांना ती चालायला नकोय. ती चालली नाही म्हणजे त्यांना ती बंद करता येईल.

मैदानावर शिट्टी वाजली. पाहुण्या संघाने तो लांबोडका चेंडू लाथाडला, तो वाऱ्यात डगमगत आला, आणि आपल्या एका पोराने तो पकडून बराच पुढे नेला. बर्निस उठून उभी राहिली. तिच्याभोवती कुणीच उठलं नाही. "अरे, बस की रे खाली," पिशवीतून कुणीतरी त्या पोराला म्हणालं, आणि हशा पिकला. कॅझही हसला. त्याचं हसणं पिशवीत घुमलं आणि मग त्याला खोकला आला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. कॅझच्या डोक्यावरच्या पिशवीवर काहीच काढलेलं नव्हतं. एड गेला त्या हिवाळ्यापासून कॅझ एडच्या जागेवर बसत होता. तिनेच सांगितलं होतं त्याला. मुलगी दूर ॲरिझोनात, तिला थंडी सोसत नाही आणि फुटबॉल तर त्याहून नाही. ती जागा परक्याला द्यायची बर्निसची तयारी नव्हती. कॅझ परका नव्हता. चौथ्या भट्टीवर तो आणि एड एकाच पाळीत होते, एकाच डब्यातून जेवायचे. दर मॅचच्या दिवशी तो आपली जुनी गाडी घेऊन दारात यायचा, हॉर्न वाजवायचा नाही, उतरून ओट्यावर यायचा आणि तिला पायऱ्यांवरून हात द्यायचा. एडला ओळखणारं आता दुसरं कुणी राहिलं नव्हतं. म्हणजे मुलीला बाप आठवत होता. पण आगीसमोर उभा असलेला एड, अंगावरचा सदरा वाळून खारट पापडासारखा कडक झालेला एड, तो फक्त कॅझने पाहिलेला. बर्निसनेसुद्धा नाही. कधीकधी गाडीत कॅझ एखादी गोष्ट सांगायचा, तिने न ऐकलेली, आणि एड आठवडाभर पुन्हा घरात वावरायचा.

लग्नाआधी एडने तिला पहिल्यांदा मॅचला आणलं ते जुन्या स्टेडियममध्ये. ते लोखंडाचं होतं, गंजलेलं, आणि पाय आपटले की सगळा मजला घुमायचा. आपल्या संघाने मुसंडी मारली आणि बर्निस आनंदाने किंचाळायला लागली, तर आजूबाजूचे पुरुष वळून तिच्याकडे बघायला लागले. कुणी रागाने नाही, चर्चमध्ये लहान मूल बोलायला लागलं की बघतात तसे. एड तिच्या कानाशी लागला. आपल्याकडे चेंडू असताना चूप बसायचं, तो म्हणाला. क्वार्टरबॅक बोलतोय, त्याचं फळीतल्या गड्यांना ऐकू जायला हवं. त्यांच्याकडे चेंडू गेला की मग ओरड, छप्पर उडव. तेव्हा तिला ते गमतीचं वाटलं होतं. पण मग तिने ते ऐकलं. हजारो माणसं, गिरणीतली, गोदीतली, कसायाच्या दुकानातली, एरवी ज्यांना हळू बोलता येत नाही अशी माणसं एकदम गप्प झाली. सरोवरावरचे पक्षी ऐकू आले. आणि खाली, इतक्या खोल खाली, एका माणसाचा आवाज, आकडे म्हणणारा. तिच्या अंगावर काटा आला होता. पुढे तिला वाटायचं, आपण एडच्या प्रेमात त्या क्षणी पडलो, तो तर नुसता शेजारी उभा होता.

आणि त्या स्टेडियममध्ये ते काही फार जिंकले नव्हते. लोकांना उगाच वाटतं की जुन्या काळी सगळं जिंकणंच होतं. भट्टी बंद पडली त्या वर्षी स्टोकर्स पहिल्या मॅचपासून हरत आले होते. शेवटच्या मॅचला तर काही अर्थच नव्हता. बर्फ पडत होतं, भट्टीवरची अर्धी माणसं घरी बसलेली होती, आणि ती सगळी आली. एड आला, कॅझ आला. आपल्या संघाकडे चेंडू असताना अशी शांतता बर्निसने पुन्हा कधी ऐकली नाही. पाहुण्यांकडे चेंडू गेला की माणसं अशी ओरडायची की त्यांच्या तोंडांतून वाफा निघायच्या. ते हरले. थोडक्यात हरले. परतताना एड गाडीत एक अक्षर बोलला नाही, घरी आल्यावर बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून ठेवला. तिने सूप गरम केलं. इतकंच. हरलो होतो आम्ही, आणि त्याचं दुःख आमचं होतं, कुणी त्याच्यात नफा शोधायला बसलं नव्हतं.

"कॉफी घे," कॅझ म्हणाला.

"नको."

"काय गं, गप्प गप्प?"

"आपल्याकडे चेंडू आहे," ती म्हणाली.

पिशवी तिच्याकडे वळली. भोकांतून कॅझचे पाणावलेले निळे डोळे तिच्याकडे बघत राहिले, मग पुन्हा मैदानाकडे वळले.

दुसऱ्या सत्रापासून ते सुरू झालं. आधी कुणा एकाने केलं असेल, चेष्टेनेच. स्टोकर्सचा नवा क्वार्टरबॅक वाकून आकडे म्हणायला लागला आणि वरच्या गॅलरीतून एक लांबलचक हेल आला. मग दुसरा. मग सगळं स्टेडियम. आपल्याच संघाकडे चेंडू आणि आपलेच लोक ओरडताहेत, त्याचं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बर्निसला प्रथम वाटलं आपल्या कानांचं यंत्र बिघडलं. तिने ते दाबून पाहिलं. खाली फळीतला एक जाडजूड गडी, एकाहत्तर नंबरचा, दहा वर्षं ह्याच संघात खेळलेला, चुकून आधीच हलला. पंचांनी दंड दिला, संघ मागे ढकलला गेला, आणि गॅलरीने टाळ्या वाजवल्या. एकाहत्तर नंबरने मान वर केली. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण शिरस्त्राण वर झालं आणि तसंच राहिलं. तो शोधत होता. हे कुठून येतंय, पाहुण्यांचे लोक इतके कुठून आले, असं त्याला वाटलं असणार. मग त्याला सगळीकडे गेरवे कोट दिसले असतील आणि त्यांच्यावर पिशव्या. तो खाली बघून आपल्या जागेवर जाऊन वाकला.

"त्याला माहीत नाही का कोण ओरडतंय?" बर्निस म्हणाली. तिचा आवाज तिलाच पातळ वाटला.

"त्याला पगार मिळतो," कॅझ म्हणाला.

"तुला मिळत नव्हता?"

"हे बघ बर्नी, सुरू करू नकोस."

"मी काय सुरू केलं? मी इथे मॅच बघायला आले. सुरू तुम्ही केलंय."

"मिस बर्निस," टेरेन्स मागून वाकून समजावणीच्या सुरात म्हणाला, "आपल्या मालकालाच हरायचंय. प्रशिक्षकालाही माहीत आहे. आम्ही फक्त हातभार लावतोय."

"मालकाला हरायचंय म्हणून तू हातभार लावणार."

"त्यात सगळ्यांचंच भलं आहे."

"तुझे वडील," ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. तुझ्या वडिलांनी तुला इथे बसून गप्प राहायला शिकवलं, माझ्या कॉलरमधली टरफलं काढताना माफी मागायला लावली. पण कुणाचा मेलेला बाप असा तोंडावर मारू नये. तिने ओठ मिटून घेतले. रागाने तिचे कान गरम झाले होते, आणि तेवढ्यापुरती थंडी वाजायची थांबली होती.

तिला प्रश्न पडला होता तो हा की ह्यांना मालक आतून कधी भेटला. हे सगळे बाहेरचे, ह्यांच्यातल्या कुणी नातवाला जवळून पाहिलेलं नाही, आणि तरी त्याच्या डोक्याने विचार करायला शिकलेत. पूर्वी माणसं मालकाला शिव्या द्यायची. आता माणसं मालकाच्या खुर्चीत बसून गड्यांना शिव्या देतात. पुनर्बांधणी, संपत्ती, निवडीचे हक्क, असले शब्द टेरेन्सच्या तोंडी, न्हाव्याच्या तोंडी, चर्चच्या दारात हात मिळवणाऱ्या पाद्रीबाबांच्या तोंडी. आज सकाळीच ते म्हणाले, हरावं अशी प्रार्थना करायची की नाही ह्या विचारात पडलोय मी. आणि हसले. तीही शिष्टाचार म्हणून हसली होती. आता तिला त्या हसण्याची शिसारी आली.

मॅच मात्र ऐकत नव्हती. सगळ्यांनी तिला हरायला सांगितलं होतं आणि ती हरत नव्हती. त्या अनोळखी क्वार्टरबॅकने आवाजाचा नाद सोडला आणि हातांच्या खुणा करायला सुरुवात केली. एकाहत्तर नंबर त्या खुणा बघून शेजारच्यांच्या पाठीवर थापा मारून पुढे पोचवत होता. एक गडी बर्फात घसरत घसरत रेषेपलीकडे जाऊन पडला, आणि स्टोकर्सचे गुण झाले. गॅलरी कण्हली. हजारो माणसं दाढ दुखल्यासारखी कण्हली. बर्निसने टाळ्या वाजवल्या. जाड हातमोज्यांमुळे आवाजच होईना, म्हणून तिने ते काढले. खालच्या रांगेतल्या एका पिशवीने वळून पाहिलं. "आजी, शेजारच्या गावच्या की काय?" पिशवी म्हणाली. "मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ह्या संघाची आहे," बर्निस म्हणाली, "आणि तोंड दाखवून बसले आहे." पिशवी पुढे वळली. कॅझने तिच्या कोटाची बाही ओढली.

शेवटी शेवटी स्टोकर्स दोन गुणांनी मागे होते आणि चेंडू त्यांच्याकडे होता. घड्याळात जेमतेम एका लाथेपुरता वेळ. खांबांच्या मधून गेला तर तीन गुण. प्रशिक्षकाला हरायचं असेल तर तो काहीतरी कारण काढील असं टेरेन्स म्हणत होता, पण प्रशिक्षकाने किकरला पाठवलं. हॅनरहन नावाचा पोरगा, नाताळाच्या आसपास घेतलेला, जुन्याला काढून. त्याने बर्फ बुटाने बाजूला सारलं, खांबांकडे पाहिलं, मागे पावलं मोजली. आणि मग तो आवाज सुरू झाला. बर्निसने गिरणीचा भोंगा ऐकला होता, सरोवरावरची वादळं ऐकली होती. हे तसलं नव्हतं. ह्याच्यात शब्द होते. चुकव, चुकव. लोक पाय आपटत होते. टेरेन्स मागे उभा राहून ओरडत होता, त्याच्या थुंकीचे थेंब तिच्या मानेवर पडत होते. आणि तिच्या शेजारी, एडच्या जागेवर, पिशवी डोक्यावर, दोन्ही मुठी तोंडाशी धरून कॅझ ओरडत होता. खोकला येईपर्यंत, आणि आल्यावरही.

ती गप्प उभी राहिली. दुसरं तिच्या हातात काहीच नव्हतं. एकटीने ओरडून काय होणार होतं, आणि ओरडणं हीच तर चूक होती. तिने ओठ मिटले, श्वास धरला, जितकं गप्प होता येईल तितकी ती गप्प झाली, तिला वाटलं आपलं गप्प राहणं खाली त्या पोरापर्यंत जावं, निदान उंबऱ्याएवढी जागा त्याला मिळावी. चेंडू उठला. तो सरळ गेला, सरळ गेला, आणि सरोवराच्या वाऱ्याने त्याला खांद्याला धरल्यासारखं वळवलं. उजव्या खांबावर आपटल्याचा आवाज झाला. तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तिला आला.

हॅनरहन गुडघ्यांवर बसला. आणि सगळं स्टेडियम नाचायला लागलं.

पिशव्या हवेत उडाल्या. आता सगळ्यांचे चेहरे दिसत होते, लाल, ओले, हर्षाने फुललेले, तिच्या ओळखीचे चेहरे. "मिळाला!" टेरेन्स ओरडला. "मिस बर्निस, मिळाला आपल्याला!" त्याने वाकून तिच्या टोपीवर ओठ टेकवले. कॅझने पिशवी काढली, त्याचे पांढरे केस उभे राहिले होते, आणि त्याने तिला मिठी मारली. तो रडत होता. इतक्या वर्षांत कॅझने तिला मिठी मारली होती ती फक्त एडच्या दफनाला. तिने त्याला दोन्ही हातांनी दूर केलं.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली.

"बर्नी, मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे." त्याला धाप लागली होती. "डॉक्टर काय म्हणाले तुला माहीत आहे. मला एकदा, मरायच्या आधी एकदा, चांगला संघ बघायचाय. तो पोरगा आला तर दोन वर्षांत होईल. मग मी सुखाने जाईन. एवढं मागितलं तर काय बिघडलं?"

"तो पोरगा खाली गुडघ्यांवर बसलाय. त्याच्याकडे बघ."

"तो दुसरीकडे जाईल. सगळे जातात."

"तू हॉलमध्ये टेबलावर चढला होतास," बर्निस म्हणाली. आवाज चढवायची गरज पडली नाही. "मी मागे उभी होते. सगळे म्हणत होते, सोडा, पडू द्या बंद, लवकर सुटू. आणि तू टेबलावर चढून म्हणालास, माझ्या हाताने मी भट्टी विझू देणार नाही. दुसऱ्या दिवशी तू आणि एड जुन्या विटा गाडीत घालून घेऊन गेलात. महिनोन्महिने. त्याच्या हाताची कातडी निघायची. मी मलम लावायचे."

कॅझने नाक पुसलं. एडच्या बाकावर तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून. आजूबाजूला लोक गाणं म्हणत होते. तिच्याकडे न बघताच तो बोलला.

"आणि काय झालं त्याचं?" तो म्हणाला. "भट्टी गेली ती गेलीच. ज्यांनी आधी सोडलं ते ह्यूस्टनला गेले, नव्या कामाला लागले, पोरांना शिकवलं. आम्ही दोघं गाढवं. मला रोज वाटतं हे. रोज. एडलाही वाटायचं असेल, तुला बोलला नसेल. गाढवपणा होता तो, बर्नी. मालकांना हरायचंच होतं आणि आम्ही फुकट जिंकायला बघत होतो."

तिला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग ते हळूहळू आत गेलं. इतकी वर्षं गाडीत शेजारी बसून हा माणूस आगीसमोरच्या एडच्या गोष्टी सांगत होता, आणि त्या सगळ्या एका गाढवाच्या गोष्टी होत्या. ती ऐकत होती, घरी नेत होती, आठवडाभर पुरवत होती. एड काही बोलला नव्हता हे खरं. तो फार बोलायचाच नाही. पण सकाळी कामावर जाताना त्या महिन्यांत तो शीळ घालायचा. ते कॅझला माहीत नव्हतं. ते त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं, तो पुढच्या चौकात गाडीत वाट बघत असायचा. शीळ जिन्यावर असायची.

हे त्याला सांगावं असं तिच्या मनात आलं. मग तिने ठरवलं की सांगायचं नाही. हे तरी त्याला मिळू द्यायचं नाही.

"पुढच्या मोसमाला ह्या जागेसाठी मी दुसरं कुणी बघेन," ती म्हणाली.

"बर्नी."

"आणि मी बसने जाते."

"बर्फ आहे. जिने निसरडे आहेत. तू वेडी आहेस का, मी सोडतो ना घरी, रस्त्यात बोलू नकोस वाटलं तर."

"कठडा आहे," ती म्हणाली.

तिने हातमोजे चढवले, पर्स कोपरावर घेतली आणि रांगेतून बाहेर निघाली. लोक नाचता नाचता वाट देत होते, तिच्या पाठीवर थापा मारत होते. खाली मैदानावर एकाहत्तर नंबर हॅनरहनला काखेत धरून उठवत होता. बाकीचे आत निघून गेले होते. ती कठड्याशी थांबली आणि ते दोघं बोगद्यात दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिनेही नाही. टाळ्यांचा आज अर्थ फिरला होता, त्या पोरांना वाटलं असतं हीसुद्धा त्यांच्यातलीच. मग ती एकेक पायरी धरून उतरली. राग कमी होत नव्हता, आणि पायऱ्या संपेपर्यंत तो कमी होऊ नये असं तिला वाटत होतं, कारण त्याच्याच आधाराने ती उतरत होती.

बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते. वाड्याएवढ्या पडद्यावर नातवाचा चेहरा लागला होता. ती पुलाखालून पलीकडे गेली, जिथे पूर्वेकडची बस लागते. थांब्यावर कुणीच नव्हतं. सगळे इतक्यात घरी जाणार नव्हते, त्यांना साजरं करायचं होतं. बस आली ती रिकामी. चालवणारी बाई पन्नाशीची, गळ्यात जाड विणलेला मफलर, डोक्यावर कंपनीची टोपी कानांपर्यंत ओढलेली. बर्निसने दांडा धरून स्वतःला वर ओढलं आणि तिच्या मागच्याच बाकावर बसली. दार फिसकारत मिटलं आणि हॉर्नचे आवाज बाहेर राहिले.

"एवढी धमाल चाललीय," बाई आरशातून बघत म्हणाली. "सकाळपासून पुलापलीकडेच फेऱ्या मारतेय मी, काही कळलं नाही. जिंकलो का?"

बर्निसने चष्म्यावरचं पाणी हातमोज्याने पुसलं. दिवसभरात हा शब्द तिने कुणाच्या तोंडून सरळ ऐकला नव्हता.

"हरलो," ती म्हणाली.

"अरेरे," बाई म्हणाली. तिने गाडी सोडली नाही. आरशातून क्षणभर तशीच बघत राहिली. "वाईट झालं हो. शेवटची होती ना?"

"शेवटची."

"फार मोठ्या फरकाने?"

"नाही," बर्निस म्हणाली. "थोडक्यात. दोन गुणांनी. पोरगा लहान होता, वारा उजवीकडे ओढत होता. पण त्याने लाथ चांगली मारली होती. तुम्हाला सांगते, पहिल्यापासूनच पोरं चांगली खेळली आज."

बाईने बस हळूच वळवून रस्त्याला घेतली. "सांगा की," ती म्हणाली. "वेळ आहे."

बर्निसने पर्स मांडीवर घेतली, बाकाच्या कडेला पुढे सरकून बसली आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागली.